किनाऱ्यावर न आलेला कोळसा

शिरगावच्या किल्ल्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघाले, की आधी तारापूर लागते आणि मग डहाणू. दोन्ही ठिकाणी वीज तयार होते, तारापूरला अणुभट्टीत आणि डहाणूला कोळशावर. या साऱ्या पट्ट्यात जमिनीखाली दगडी कोळशाचा एकही थर नाही. शिरगाव, सातपाटी, माहीम, केळवे, इकडे बोईसरची औद्योगिक वसाहत, सगळीकडे पायाखाली काळा बेसाल्ट. तरीही या किनाऱ्याचा दीडशे वर्षांचा इतिहास कोळशाला बांधलेला आहे. त्यातला सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग इथून शेकडो किलोमीटर दूर, चंद्रपूर-यवतमाळकडच्या खदानींशेजारी उभ्या राहिलेल्या मातीच्या डोंगरांत पडून आहे. खाणीतून वर काढलेल्या आणि नको म्हणून टाकून दिलेल्या त्या मालात वापरण्याजोगा कोळसा किती, ही मोजणी आज होऊ लागली आहे. ती नीट समजायची तर तो माल टाकला कोणी, कधी आणि कशाच्या हिशेबाने, हे आधी पाहावे लागते.

तारापूरचे केंद्र इथे आले त्याचे एक कारणच कोळशाचे अंतर हे आहे. खाण जितकी दूर तितका कोळशाच्या विजेत वाहतुकीचा खर्च जास्त. म्हणून देशाच्या ज्या भागात खाणी नाहीत तिथे अणुवीज सर्वांत आधी परवडेल, असे होमी भाभा मांडत होते. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना वीज पुरवता येईल अशी तारापूरची जागा त्या हिशेबात बसली. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या.

डहाणूची गोष्ट उलटी. तिथे अंतर असूनही कोळसाच आला. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच १९९०च्या दशकाच्या मध्यावर उभे राहिले. त्याआधीच, १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झालेला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुक्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. चिकूच्या वाड्यांवर राख पडू नये, यासाठी इथल्या माणसांनी दिलेली झुंज त्यामागे होती आणि तिचे मोल आजही कमी झालेले नाही.

मग १९९७ साली केंद्राचा एक नियम आला. खाणीपासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या, तसेच शहरी आणि संवेदनशील भागांतल्या वीजकेंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा जाळू नये, असे त्यात ठरले आणि २००१च्या जूनपासून ते लागू झाले. भारतीय कोळशात राख मुळातच भरपूर, चाळीस टक्के आणि त्याहूनही अधिक. ती कमी करायची तर कोळसा धुवावा लागतो. त्यासाठी खाणपट्ट्यांत वॉशऱ्या उभ्या राहिल्या. डहाणूला लांबून रेल्वेने धुतलेला कोळसा येऊ लागला. इथली राख कमी झाली. पण धुलाईत बाजूला काढलेला दगड, शेल आणि त्यांना चिकटून राहिलेला कोळसा तिकडेच राहिला. त्याला खाणपट्ट्यात ‘रिजेक्ट’ म्हणतात. शंभर टन कच्चा कोळसा धुतला की साधारण वीस-पंचवीस टन रिजेक्ट निघते. दर किलोला दीड-दोन हजार किलोकॅलरी उष्णता त्यात शिल्लक असू शकते. किनाऱ्याला मिळालेल्या स्वच्छतेची किंमत कुठे साठत गेली, हे इथल्या वाचकाला ठाऊक असायला हवे. २०२० मध्ये धुलाईची सक्ती उठली. आधीचे ढीग मात्र साठलेलेच राहिले.

या व्यवहाराची मुळे बरीच जुनी आहेत. १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची गाडी या पट्ट्यातून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत जाऊ लागली. तोवर इथल्या लोकांच्या माहितीचा कोळसा म्हणजे रानातल्या भट्ट्यांचा लाकडी कोळसा. त्या भट्ट्यांवर राबणारी कातकरी कुटुंबे पुढेही कित्येक पिढ्या त्याच कामात राहिली. दगडी कोळसा मुंबईत आला तो जहाजातून, विलायतेहून. रेल्वे आणि गिरण्या हिंदुस्थानच्या, आणि त्यांचे इंधन समुद्रापलीकडचे, हे सरकारच्याही खिशाला जड जात होते. म्हणून मध्य प्रांतात शोध सुरू झाला. जी. आय. पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती. तिच्या आसपास कोळसा सापडला, तर अर्धी अडचण मिटणार होती.

कोळसा सापडला वर्धा नदीच्या खोऱ्यात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस यांनी या खोऱ्याची पाहणी केली आणि त्यांचा ग्रंथ १८७७ मध्ये सर्वेक्षणाच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. कुठे थर उघडा दिसतो, कुठे भोक पाडल्यावर लागतो, किती फूट जाड आहे, हे सगळे त्यात नोंदवले गेले. विदर्भाच्या कोळशाच्या मोजणीची सुरुवात तिथे झाली. ज्या वरोऱ्याला आज आनंदवनामुळे सगळा महाराष्ट्र ओळखतो, तिथे सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घूस, राजूर, माजरी अशी नावे वाढत गेली.

ह्यूजेस यांच्या काळची मोजणी जमिनीखालच्या कोळशाची होती. वर काढलेल्यापैकी किती टाकला, हे मोजावे असे कोणाला वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. इंजिनाला हवा असे मोठा ढेपळा, हाताने निवडलेला. चुरा, म्हणजे ‘स्लॅक’, याला गिऱ्हाईक नसे. तो खाणीतच सोडून देत, नाहीतर तोंडाशी ओतत. चुऱ्याच्या ढिगात हवा खेळली की तो आपोआप तापतो आणि पेट घेतो. टाकलेल्या कोळशाचा काही भाग असा तिथल्या तिथे जळून गेला. ढिगाऱ्याच्या आजच्या हिशेबात ही वजाबाकी धरावीच लागते.

मुंबईच्या बाजाराने या टाकण्याला आणखी जोर दिला. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत दक्षिण आफ्रिकेचा कोळसा येऊ लागला. अंतर जास्त असूनही तो विकला जाई, कारण माल एकसारखा आणि निवडलेला असे. आपल्याकडच्या कोळशात दगड निघतो अशी तक्रार होती. सरकारने फ्रँक नॉईस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९२५ मध्ये कोळशाची प्रत ठरवणाऱ्या मंडळाचा कायदा झाला. प्रत ठरवणे म्हणजे उरलेला माल नाकारणे. बंदरात उतरणाऱ्या मालाची शिस्त वाढली की खाणीच्या तोंडाशी पडणारा ढीग वाढणार, हे उघड होते. १९३७ मध्ये बरोज समितीने खाणकामातल्या नासाडीवर बोट ठेवले, तोवर जमिनीत आणि जमिनीवर खूप काही गमावून झाले होते.

वर्धा खोऱ्यात ही नासाडी फार झाली, कारण इथला थरच जाड आहे. अनेक ठिकाणी तो पंधरा ते वीस मीटर भरतो आणि मधे शेलच्या पट्ट्या असतात. जुन्या भूमिगत खाणीत कामगार उभा राहून काम करील एवढ्याच उंचीची गल्ली काढत, म्हणजे सुमारे तीन मीटर. छत कोसळू नये म्हणून कोळशाचेच चौकोनी खांब ठेवत. वरचा कोळसा वर राहिला, खालचा खाली, आणि खांब मधे उभे. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे विदर्भातल्या वर्तमानपत्रांची ‘वेकोलि’, नागपूरला मुख्यालय घेऊन उभी राहिली. त्यानंतर खुल्या खदानींचे युग जोरात आले. वरची सगळी माती-दगड उचलायची, थर उघडा करायचा आणि यंत्राने कोळसा भरायचा, ही पद्धत. काही जुन्या भूमिगत खाणींवरची जमीनही अशी उघडली गेली.

उचललेल्या मातीला खदानीत ‘ओबी’ म्हणतात. काळी माती, मुरूम, कामठीचा वाळुखडक, खाली बाराकर थरांचा खडक, सगळे डंपरने नेऊन एका जागी ओतायचे. त्यात कोळसा कसा जातो? थराचा माथा साफ करताना डोझर थोडा कोळसाही खरवडतो. पातळ थर वेगळा काढणे परवडत नाही म्हणून मातीबरोबर जातो. जुन्या खांबांचा पट्टा उघडला की कोसळलेले छत आणि कोळसा इतके मिसळलेले असतात, की फावड्यामागच्या माणसाला रंगावरून ठरवावे लागते. रात्रपाळीला, पावसात, धुळीत हा निर्णय काही सेकंदांत होतो. हजारो फेऱ्यांत तो थोडा इकडेतिकडे झाला तरी ढिगाऱ्यात मोठा आकडा तयार होतो.

शिवाय कोळसा कशाला म्हणायचे, हेही बदलत आले. २०११ अखेरपर्यंत आपल्याकडे उपयुक्त उष्णतेचे एक सूत्र होते: ८९०० मधून राख आणि ओलावा यांच्या टक्केवारीच्या बेरजेची १३८ पट वजा करायची. बेरीज ५५ झाली की उत्तर येते १३१०. सर्वांत खालच्या ‘जी’ प्रतीची सीमा १३०० होती. म्हणजे ५६ टक्क्यांचा तुकडा कागदावर दगड ठरे, जरी तो पेटत असला तरी. १ जानेवारी २०१२ पासून एकूण उष्मांकावर जी-१ ते जी-१७ अशा प्रती आल्या आणि शेवटची पायरी २२०० किलोकॅलरीच्या थोडी वर ठेवली गेली. त्याखालचा माल आजही प्रतवारीबाहेर आहे. दुसरीकडे, असा माल जाळू शकणारी बॉयलर आता आहेत. तळातून हवा फुंकून चुऱ्याला उकळत्या पाण्यासारखे खळखळते ठेवणारी ही बॉयलर अर्धा दगड असलेले इंधनही पचवतात. आज्याच्या काळातला दगड नातवाच्या काळात इंधन होतो, तो असा.

गावातल्या लोकांना हे समित्यांच्या आधीपासून माहीत होते. खदानीशेजारच्या वस्त्यांतल्या बाया आणि पोरे ढिगाऱ्यावरून कोळसा वेचत आली आहेत. चुरा शेणामातीत कालवून त्याचे गोळे करायचे, उन्हात वाळवायचे आणि शेगडीत घालायचे. कोणत्या डंपवर हात काळे होतील आणि कोणत्यावर फक्त माती लागेल, हे वेचणारीला पायाखालच्या वाटेइतके ठाऊक असते. सर्वेक्षण करणाऱ्याने तिला विचारले तर नमुन्याच्या जागा निम्म्या मेहनतीत ठरतील.

जगात ही मोजणी सरकारी पातळीवर फार लवकर सुरू झाली ती अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. तिथल्या कठीण, जवळजवळ धूरविरहित कोळशाच्या खाणींभोवती चुऱ्याचे काळे डोंगर झाले होते. ते त्यांना ‘कल्म’ म्हणत. कोळशाच्या नासाडीचा शोध घेण्यासाठी राज्याने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८९३ मध्ये आला. आयोगातले एक सदस्य एकली कॉक्स स्वतः खाणमालक होते. बारीक कोळसा जाळता यावा म्हणून त्यांनी सरकती जाळी असलेली भट्टी विकसित केली. ढीग मोजणे आणि ढीग जाळण्याचे यंत्र बनवणे ही कामे त्यांनी बरोबरीने केली, हे विशेष. तिथे नद्यांत वाहून गेलेला कोळसाही लोकांनी बोटींतून उपसला. १९७८ च्या ऊर्जा कायद्यानंतर त्या राज्यात ढिगाऱ्यांच्या कोळशावर चालणारी छोटी वीजकेंद्रे उभी राहिली.

आता प्रत्यक्ष मोजणी. पहिला प्रश्न आकारमानाचा. ढिगाऱ्याचा आजचा पृष्ठभाग ड्रोनने किंवा लेझर स्कॅनरने अचूक टिपता येतो. वर्षाला किती ओबी हलवली हे तपासण्यासाठी सीएमपीडीआय, म्हणजे कोल इंडियाची नियोजन संस्था, असे स्कॅनर वापरते. अडचण खालच्या पृष्ठभागाची. ढिगाऱ्याखाली मूळ जमीन कशी होती? तिथे नाला होता, की टेकाड? त्यासाठी खाण सुरू होण्याआधीचा नकाशा लागतो. सर्वेक्षण खात्याच्या ५० हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा इतक्या विरळ असतात, की त्यावर भिस्त ठेवता येत नाही. खाणीच्या कचेरीत जुना, हाताने काढलेला उंची-नकाशा मिळाला, तर तो सोन्याच्या मोलाचा.

दुसरा प्रश्न आत काय आहे याचा. डंपरने कड्यावरून माल ओतला की मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जातात आणि बारीक माल वर राहतो. माथ्यावरच्या नमुन्यात चुरा जास्त, पायथ्याशी दगड जास्त. दोन्ही खोटे बोलतात. म्हणून माथ्यापासून तळापर्यंत भोके पाडावी लागतात आणि मधून चर खणून मोठा, काही टनांचा नमुना घ्यावा लागतो. ढिगारा एका दिवसात झालेला नसतो. कोणत्या साली कोणत्या बाजूने ओतला, तेव्हा खदानीत कोणता थर चालू होता, हे कळले तर एकाच डोंगराचे श्रीमंत आणि गरीब भाग वेगळे काढता येतात. जुन्या डंपर-फेऱ्यांच्या वह्या इथे उपयोगी पडतात, आणि त्या फेऱ्या मारलेले निवृत्त चालकही.

नमुना प्रयोगशाळेत आला की त्याची तरंग-बुड चाचणी होते. कोळशाची घनता १.३ ते १.५ च्या आसपास, शेल २ च्या वर. झिंक क्लोराइडच्या द्रावणाची घनता हळूहळू वाढवत नेली की आधी स्वच्छ कोळसा तरंगतो, मग मिसळलेला, आणि दगड तळाशी राहतो. प्रत्येक टप्प्यावर तरंगलेल्या मालाचे वजन आणि राख मोजली, की धुतल्यावर हाती काय लागेल ते समजते.

आकडे किती निसटते असतात, ते एका काल्पनिक ढिगाऱ्यावर पाहता येईल. पायथा १० हेक्टर, सरासरी उंची २० मीटर मानू. आकारमान २० लाख घनमीटर. घनमीटरला १.६ टन धरले तर ३२ लाख टन माल. त्यात कोळसा ५ टक्के असेल तर १ लाख ६० हजार टन, आणि त्यातला ६० टक्के हाती लागला तर ९६ हजार टन. आता कोळशाचे प्रमाण ५ ऐवजी ८ टक्के निघाले, तर हाच आकडा सुमारे १ लाख ५४ हजार टनांवर जातो. आकारमानात पाच टक्क्यांची चूक खपून जाईल, पण नमुन्यातली तीन टक्क्यांची चूक सारा प्रकल्प उभा करते किंवा आडवा पाडते. खर्च करायचा असेल तर ड्रोनपेक्षा भोकांवर करावा, असे हा हिशेब सांगतो.

हाती लागेल तेवढा कोळसा काढावाच असेही नाही. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर कोळसा-कचऱ्याचा ढिगारा घसरला आणि १४४ माणसे गेली; त्यातली ११६ मुले होती. २०१६च्या डिसेंबरात झारखंडच्या राजमहल खदानीत ओबीचा कडा कोसळून २३ कामगार दगावले. आपल्या नियमांत ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांच्या वर नेता येत नाही. जुना, वर झाडे वाढलेला ढिगारा पायथ्याकडून पोखरला की तो उतार पहिल्यांदा बिघडतो. घुग्घूसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर पाहता पाहता जमिनीत गेले, कारण खाली जुन्या खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. जमिनीखालचे जुने नकाशे जपणे आणि जमिनीवरचे ढीग नकाशावर आणणे हे एकच काम आहे, आणि त्याची सुरुवात कोळशाच्या भावासाठी नव्हे तर त्या वस्त्यांसाठी व्हायला हवी.

विदर्भातल्या ओबीतून गाजावाजासह पहिल्यांदा जे बाहेर निघाले, ते वेगळेच होते. नागपूर जिल्ह्यात भानेगावला वेकोलिने ओबी धुऊन तिच्यातली वाळू काढायला सुरुवात केली आणि ती घरबांधणीसाठी दिली. कामठीचा वाळुखडक मुळात वाळूचाच असल्याने हे जमले, आणि नदीपात्रातल्या उपशाचा थोडा भार तरी हलका झाला. बांधकामाच्या वाळूसाठी भारतीय मानक ३८३ लागू आहे. त्यात कोळसा आणि लिग्नाइट यांचे प्रमाण वजनाच्या १ टक्क्यावर जाता कामा नये अशी अट आहे. म्हणजे वाळूच्या प्रत्येक खेपेबरोबर त्या ढिगाऱ्यातला कोळसा तपासावाच लागतो. धुण्याआधीच्या मालावरही तीच तपासणी केली आणि माल ढिगाऱ्याच्या कोणत्या भागातून, किती खोलीवरून उचलला हे शेजारच्या रकान्यात लिहिले, तर वेगळे भोक न पाडता त्या डंपचा कोळसा-नकाशा वर्षभरात तयार होऊ शकतो.